सत्तेचाळीस मुद्दे: मी त्रासदायक क्लाएंट आहे का?

ठिपका
मंडळी, सल्ला हवाय. खरं सांगायचं तर कोणीतरी माझी बाजू घ्यायलाही हवीय.

माझे वडील आयुष्यभर डोंगर भटकले. त्यांच्या वह्यांमधलं निवडक टाइप करून मी पुस्तक काढतेय. नाव त्यांनीच ठरवून ठेवलं होतं: 'डोंगर, दर्या, वाटा'. मुखपृष्ठासाठी एक तरुण चित्रकार मिळालाय आणि त्याचं काम मला मनापासून आवडतं. पुस्तकाचं नाव, आकार, पानं, मुदत आणि मागच्या पानावरचा परिच्छेद (एकटं चालण्याबद्दलचा, फार सुंदर आहे) असं सगळं त्याला एकाच मेलमध्ये कळवलं होतं. गेल्या आठवड्यात त्याने पहिलं रंगीत रेखाटन पाठवलं. शीर्षकाची जागा अजून रिकामी ठेवलीय.

मी लेखापरीक्षक आहे. चुका शोधायचाच पगार मिळतो मला. रात्री सगळं आवरल्यावर फोनवर चित्र उघडलं, मोठं केलं आणि लिहीत बसले. दुसर्या दिवशी सकाळी यादी पाठवली. ४७ मुद्दे झाले. नमुन्यादाखल:

९. खालचा निळा धुक्यासारखा वाटत नाही. हलका करा, शक्यतो करडा.
१४. धुक्याच्या रेषा इतक्या आडव्या आणि एकसारख्या का?
२२. पक्षी घारीसारखा दिसत नाही. पंख फार लांब आणि पांढरे आहेत.
३१. उजव्या कोपर्यातला पांढरा त्रिकोण हा तंबू असेल तर तो डोंगराच्या पायथ्याशी घ्या. अधांतरी वाटतो.

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं: "ओके, बघतो." बस, एवढंच. बिचार्याला दुखावलं का मी? की पैसे देणार्याने बारकाईने बघूच नये?

रिकामा_कॅनव्हास
४७?

तो "ओके" टाइप करताना त्याचे हात थरथरत असणार.

नुसताच_वाचक
खुर्ची ओढून बसलो आहे. धाग्याचं शतक नक्की.

कुंचलेवाला
गेली अठरा वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

ठिपकाताई, बारकाईने बघणारा क्लाएंट मला आवडतो. "छान आहे, पण मजा नाही येत" म्हणणाऱ्यापेक्षा शंभर पटीने बरा. त्या 'मजा'पायी मी एकदा तीन आठवडे घालवलेत. तुमचा घोळ आकड्यात नाही, तो वेळेत आहे. आमच्याकडे आधी अंगठ्याएवढी चित्रं होतात, मग कच्चं रेखाटन, मग रंग आणि शेवटी पक्कं चित्र. अंगठ्याएवढ्या चित्रात कोणी "हिची नखं नीट काढा" म्हणालं तर आम्ही हसतो. पक्क्या चित्रावर कोणी "हिच्याऐवजी आजोबा चालतील का" म्हटलं की मात्र रडतो.

दुसरं म्हणजे तुम्ही दुखणं सांगत नाही, थेट औषध लिहून देता. "करडा करा", "पायथ्याशी घ्या". एका गृहस्थांनी मला तीन वेळा कळवलं, लोगो मोठा करा. तीनदा केला. चौथ्यांदा विचारलं, "अहो, पण का?" तर म्हणाले, "लांबून दिसतच नाही." दिसणार कसा, मागची जमीन आणि लोगो सारख्याच गडद रंगात! जमीन फिकट केली आणि लोगो होता त्याहून लहान केला. गृहस्थ खूश. "बघा, मी म्हटलं नव्हतं का, मोठा हवा म्हणून!"

ठिपका
@कुंचलेवाला, पटतंय थोडंसं. पण ४७ पैकी २९ मुद्दे हे निव्वळ प्रश्न आहेत, दुरुस्त्या नाहीत. मी मोजलेत.

रिकामा_कॅनव्हास
मोजलेत. 😂 अर्थातच मोजले असणार.

उंटावरचा_शहाणा
या विषयावरचा सगळ्यात जुना किस्सा कोणी कसा नाही सांगितला अजून?

मायकेलअँजेलोचा डेव्हिड १५०४ च्या सुमारास पूर्ण झाला तेव्हा फ्लॉरेन्सचा कारभारी सोदेरिनी बघायला आला. म्हणाला, नाक जरा जाड झालंय. पुतळा पाच मीटरहून उंच, सोदेरिनी खाली पायांशी उभा. मायकेलअँजेलो वाद न घालता परांचीवर चढला. छिन्नी हातात होतीच, चढताना फळीवरची चिमूटभर संगमरवराची भुकटी मुठीत घेतली. नाकाशी छिन्नी वाजवल्यासारखं केलं आणि भुकटी सोडली. "आता बघा." सोदेरिनी खूश, म्हणे आता कसा जिवंत वाटतोय! नाकाला धक्काही लागला नव्हता. त्याचा चरित्रकार वासारी, त्याने लिहून ठेवलंय हे. वासारी मीठमसाला लावतो, तेवढं धरून चाला.

खर्ज
@उंटावरचा_शहाणा, ही भुकटी आमच्याकडेही मिळते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मिक्सरवर एक मोकळा सरकपट्टा ठेवलेला असतो, कशालाच न जोडलेला. "आवाजात अजून ऊब पाहिजे" असं पाचव्यांदा ऐकलं की तो हळूच वर न्यायचा. चेहरा मात्र गंभीर ठेवायचा. "हां! आता आली ऊब!"

मी स्वतः केलंय. दोनदा.

मी_काकू
खर्ज, तुम्हाला हे विनोदी वाटतं? मला अपमानास्पद वाटलं. समोरच्याला नेमका शब्द सापडत नाही म्हणून त्याला काही कळतच नाही, असं होतं का? त्याच्या कानाला काहीतरी खटकत होतं ना? मग तुमचं काम ते शोधायचं की त्याला गंडवायचं?

आणि सोदेरिनीचा किस्सा नेहमी कलाकारांच्याच तोंडून ऐकायला मिळतो. नाक खरंच जाड असेल तर?

खर्ज
@मी_काकू, टोला मान्य. त्या दोनपैकी एकदा खरंच गडबड निघाली होती. गायिका म्हणत राहिली की माझा आवाज कोंदटलाय, मी पट्ट्याचा खेळ केला, ती समाधानाने घरी गेली. दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐकलं तर तिच्या आवाजाची प्रत किंचित उशिराने दुसऱ्यांदा वाजत होती. चॅनेल चुकून दोन ठिकाणी जोडला गेलेला. अशी दोन जवळजवळ सारखी ध्वनिरूपं एकमेकांवर आली की काही वारंवारिता खाल्ल्या जातात आणि आवाज पिंपातून आल्यासारखा होतो. तिला कारण सांगता आलं नाही, पण ऐकू बरोबर आलं होतं. तेव्हापासून पट्टा बंद.

शरीरचित्रक
मी वैद्यकीय पुस्तकांसाठी चित्रं काढते. आमचे क्लाएंट डॉक्टर. तिथे ४७ मुद्दे म्हणजे फारच कमी. एकदा माझं धडाचं चित्र मांडणी करणाऱ्याने परस्पर आरशासारखं उलटवलं, कारण आकृतीचं तोंड पानाबाहेर जात होतं आणि ते "बरं दिसत नव्हतं". यकृत डावीकडे गेलं! नावांचे बाण नव्याने लावलेले, सगळं अगदी नेटकं. मी पाहिलं नाही, संपादकांनी पाहिलं नाही. ज्या डॉक्टरबाईंना आम्ही सगळे मागे 'सूक्ष्मदर्शक' म्हणायचो, त्यांनी छपाईच्या आदल्या दिवशी पकडलं.

तेव्हापासून त्या बाई जे म्हणतील ते करते.

छापखाना_आजोबा
मुद्दा ९ बद्दल एक विचारतो. ठिपकाताई, तो निळा तुम्ही कशावर बघितलात? फोनवर, रात्री. बरोबर?

पडदा लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो. छपाईत निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया कागदावर बसतात. पडद्यावरचे झगझगीत निळे आणि हिरवे त्या चार शायांत येतच नाहीत. गुळगुळीत कागदावर शाई वर राहते, खरखरीत कागद ती पितो, म्हणून तोच निळा तिथे मंद होतो. त्यात प्रत्येकाच्या पडद्याचा उजळपणा वेगळा. छपाईचे लोक नमुना तपासायला ५००० केल्व्हिनचा ठरावीक पांढरा प्रकाश वापरतात ते उगाच नाही. पिवळ्या दिव्याखाली पास केलेला रंग दिवसा उजेडात वेगळाच दिसतो आणि मग भांडण माझ्याशी.

रंगावर बोलायचंच असेल तर ज्या कागदावर छापणार आहात त्याच कागदावरचा नमुना मागा. फोनवरचा निळा हा फोनचा निळा.

ठिपका
@छापखाना_आजोबा, अरे देवा. माझा फोन रात्री नऊनंतर आपोआप पिवळसर होतो. डोळ्यांसाठी लावून ठेवलंय.

आता सकाळी बघितलं. निळा वेगळाच आहे. जास्तच निळा आहे!

रिकामा_कॅनव्हास
मुद्दा ४८.

शब्दसखी
अनुवादकांचं दुःख कोणाला सांगावं! माझ्या एका क्लाएंटने १२० पानांत प्रत्येक 'परंतु'चा 'पण' केला, दुसऱ्या फेरीत निम्म्या 'पण'चा परत 'परंतु'. मी विचारलं, नियम काय? "वाचताना जसं वाटलं तसं." दोन्ही फेऱ्यांत मीच दमले. गंमत म्हणजे पुस्तक हातात आल्यावर त्यांच्याच प्रस्तावनेत 'परन्तु' निघाला.

पामर
रच्याकने, मला वेगळंच सुचतंय. सगळे "कलाकारावर विश्वास टाका" म्हणणार, त्याआधी दुसरी बाजू. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्जने आपल्या नेक्स्ट या नव्या संगणक कंपनीच्या लोगोसाठी डिझायनर पॉल रँडला गाठलं. जॉब्ज म्हणजे बारकाव्यांचा बाप. तरीही रँडने पर्याय द्यायला साफ नकार दिला. एकच लोगो केला आणि त्यामागचा सगळा विचार एका पुस्तिकेत मांडून समोर ठेवला. काळा घन २८ अंशांत का कललाय तेसुद्धा. जॉब्जने तो स्वीकारला. थोडक्यात, बारीक बघणाऱ्याला बारीक उत्तर मिळालं की तो गप्प बसतो. "ओके, बघतो" हे उत्तर नव्हे. त्या मुलाचंही चुकलंय.

कुंचलेवाला
@पामर, रँडने तेव्हा सत्तरी ओलांडली होती आणि मोठमोठ्या कंपन्यांचे लोगो त्याच्या खात्यावर होते. आमच्या या पोराने एकच पर्याय देऊन पुस्तिका पाठवली असती तर ठिपकाताईंनी पुस्तिकेवर ६० मुद्दे काढले असते. (हलके घ्या हो.)

ठिपका
घेतलं हलके. ६० नाही, पृष्ठसंख्येवर अवलंबून.

उंटावरचा_शहाणा
अजून एक, मग गप्प बसतो. व्हेनिसमध्ये वेरोनेझे या चित्रकाराने मठाच्या भोजनगृहासाठी येशूचं 'अखेरचं भोजन' रंगवलं, जवळजवळ १३ मीटर रुंद. त्यात पोपट घेतलेला विदूषक, नाकातून रक्त येणारा नोकर, भाले घेतलेले जर्मन शिपाई, कुत्रा. जुलै १५७३ मध्ये धर्मन्यायालयाने बोलावून एकेकाचा जाब विचारला: हा कशाला, तो कशाला? थेट ठिपकाताईंची यादी! तीन महिन्यांत स्वखर्चाने दुरुस्त करा असा हुकूम निघाला. वेरोनेझेने चित्र जवळजवळ होतं तसंच ठेवलं आणि नाव बदललं: 'लेवीच्या घरची मेजवानी'. मेजवानीत काय, विदूषकही चालतो.

मी_काकू
हा मात्र आवडला. फसवलं नाही, मार्ग काढला.

एक_फेरी_दोन_फेऱ्या
सगळं ठीक, पण करारात किती फेऱ्या ठरल्या होत्या ते कोणीच विचारलं नाही. माझ्याकडे लेखी असतं: दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, मुद्दे एकाच माणसाकडून, एकाच कागदावर. नाहीतर सोमवारी बाई, मंगळवारी त्यांचे यजमान, बुधवारी चित्रकलेची परीक्षा दिलेला भाचा. आणि ते व्हॉइस मेसेज! साडेचार मिनिटांचा संदेश, त्यातली तीन मिनिटं कुकरच्या शिट्ट्या, आणि एकदम शेवटी "...बाकी तो हिरवा काढाच."

ताईंचे ४७ मुद्दे एका जागी, क्रमांकासह आलेत. माझ्या लेखी त्या आदर्श क्लाएंट आहेत.

ठिपका
@एक_फेरी_दोन_फेऱ्या, तुम्ही कुठे होतात इतके दिवस! या धाग्यावरचं पहिलं चांगलं वाक्य.

कुंचलेवाला
एक करून बघा ताई. ती यादी बाजूला ठेवा. पुस्तक कशाबद्दल आहे, वडील कसे होते, मुखपृष्ठ बघून वाचणाऱ्याला काय वाटावं, एवढंच साध्या पत्रासारखं लिहून पाठवा. क्रमांक न घालता. त्या मेलमध्ये तुम्ही आकार आणि पानं सांगितलीत, पुस्तक सांगितलेलं दिसत नाही.

ठिपका
क्रमांक न घालता??

बरं. प्रयत्न करते.

नुसताच_वाचक
दोन दिवस धागा शांत. ठिपकाताई, पत्र गेलं का?

ठिपका
गेलं. चार वेळा खोडून लिहिलं. बाबा पहाटे निघायचे, परतताना खिशात नेहमी एखादा दगड असायचा, बोलायचे फार कमी. एका घळीत धुकं उतरलं तेव्हा ते तीन तास एकाच जागी बसून राहिले होते, कारण पुढचं पाऊल कुठे पडेल ते दिसत नव्हतं. त्या तीन तासांवर वहीत अकरा पानं आहेत. हे सगळं लिहिलं. टाइप करताना मलाच रडू आलं.

या वेळी त्याचं उत्तर अर्ध्या तासात आलं, आणि मला ते कळलेलंच नाही. जसंच्या तसं देते:

"मॅडम, हे आधी सांगितलं असतं तर! ती धुक्याची जागा फारच भारी आहे. फक्त एक विचारायचं होतं, यात समुद्र कुठे येतो?"

कुठला समुद्र?

नुसताच_वाचक
सस्पेन्स!

पामर
दुसऱ्या कोणाचं काम आणि तुमचं त्याच्या डोक्यात एकत्र झालं असेल. होतं असं.

शुद्धलेखनाचा_घोडा
इतका वेळ मुद्दाम गप्प होतो, कारण इथे शुद्धलेखन काढलं की शिव्या बसतात. ठिपकाताई, तुमच्या मूळ पोस्टमधलं पुस्तकाचं नाव एकदा वाचा. एकेक अक्षर.

मी_काकू
अगंबाई.

कुंचलेवाला
🤦 दर्या!!

रिकामा_कॅनव्हास
खुर्चीवरून पडलो. म्हणजे धुकं नव्हतंच ते. लाटा!

आणि मुद्दा ३१! तंबू!! ते शीड आहे होऽऽऽ

शरीरचित्रक
पांढरे लांब पंख. घार कशी असेल ती, समुद्रपक्षी आहे तो. बिचाऱ्याने किती मनापासून काढलं होतं.

शुद्धलेखनाचा_घोडा
ज्यांच्या लक्षात आलं नाही त्यांच्यासाठी: 'दरी'चं अनेकवचन 'दऱ्या'. रफार दिला की 'दर्या', म्हणजे समुद्र. शाळेतली जोडी आठवा, आचाऱ्यांना आणि आचार्यांना. ताईंच्या पहिल्या पोस्टमध्ये 'दुसर्या', 'कोपर्यातला', 'बिचार्याला', 'देणार्याने' असं सगळीकडे रफारच आहे. आपण सवयीने बरोबर वाचत गेलो. त्या मुलासमोर फक्त नाव होतं, मग त्याने जे लिहिलंय ते वाचलं. कोणी सांगावं, 'डोंगर, दर्या, वाटा' म्हणजे किनाऱ्याकडेने भटकणारा माणूस वाटला असेल.

ठिपका
मी आत्ता पाच मिनिटं नुसती बसून होते.

ती मेल काढून बघितली. विषयाच्या ओळीत 'दर्या', मजकुरात तीनदा 'दर्या'. मी ती पाठवण्यापूर्वी दोनदा तपासली होती. आणि माझ्या यादीत ११ मुद्दे समुद्राबद्दल आहेत, त्यातल्या एकातही "हे काय आहे?" असं मी विचारलेलं नाही. तंबू असेल तर पायथ्याशी घ्या, म्हणे.

त्याला फोन केला. आधी दोघंही काही बोललो नाही, मग तोच हसायला लागला. म्हणाला, "मुद्दा १४ वाचून मला वाटलं, तुम्हाला वादळी समुद्र हवाय. आडव्या लाटा नकोत म्हणून. मी खवळलेला काढायला घेतला होता." मी म्हटलं, नवं चित्र ही माझी चूक, त्याचं वेगळं बिल लाव. तर म्हणतो आधी वहीतली ती अकरा पानं पाठवा.

उंटावरचा_शहाणा
ताई, वेरोनेझेची युक्ती वापरायची तर तुम्हाला नावही बदलायला नको. होतं तेच ठेवा.

एक_फेरी_दोन_फेऱ्या
बिल लावण्याबद्दल अनुमोदन. लेखी कळवा मात्र.

छापखाना_आजोबा
आणि छापायला देताना 'दऱ्या' नीट उमटतोय का ते नमुन्यावर बघा. चित्रकाराच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय लावलेला नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात. हे फोनवर बघितलं तरी चालेल. रात्रीसुद्धा.

ठिपका
सार्यांचे आभार. ते समुद्राचं रेखाटन मी त्याच्याकडून मागून घेतलंय, चौकटीत लावणार आहे. सकाळच्या उजेडात तो निळा फार छान दिसतो.

शुद्धलेखनाचा_घोडा
'साऱ्यांचे', ताई. इनस्क्रिप्ट कळफलक असेल तर शिफ्ट धरून र दाबा, मग हलन्त, मग य.

ठिपका
दर्या.
दऱया.
दऱ्या. दऱ्या. दऱ्या. जमलं!

रिकामा_कॅनव्हास
आता 'कोपऱ्यातला तंबू' लिहून दाखवा.

ठिपका
कोपर्यातला

थांबा.